माळ्यावरचा पंखा आणि बंद खिडकी

चैत्र लागला की आमच्या दवाखान्यातल्या तक्रारींची जात बदलते. थंडीत खोकला, पडसे आणि गुडघेदुखी घेऊन येणारी माणसे आता एकच गाऱ्हाणे सांगू लागतात, "डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." कुणाचे डोके जड असते, कुणाच्या छातीत धडधडते, कुणाचा रक्तदाब वर-खाली झालेला असतो. तपासून पाहिले तर मोठा आजार सापडत नाही. मग मी विचारतो, "घरावर काय आहे? स्लॅब की पत्रा?" बहुतेक वेळा उत्तर येते, "पत्रा."

आमचे कोऱ्हाळे बुद्रुक नीरा-बारामती रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले गाव. भोवती ऊस उभा असल्याने शिवारात संध्याकाळी गार वाटते. पण त्याच वेळी पत्र्याच्या घरात शिरावे, तर गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे उभे राहिल्यासारखे होते. दिवसभर तापलेला पत्रा खाली उष्णता फेकत असतो, आणि तापलेली हवा वर पत्र्याखाली कोंडून राहते. त्याखाली आपण छताचा पंखा लावतो. तो बिचारा तीच गरम हवा वरून ढकलून आपल्या अंगावर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याने शरीर थंड होत नाही, उलट तापते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. त्यात पत्र्याखालची खोली म्हणजे विचारायलाच नको.

शरीराला दिवसाची उष्णता सोसता येते, पण रात्री त्याला विसावा मिळावा लागतो. रात्रही तापलेलीच राहिली, तर हृदयाला रात्रभर जादा काम करावे लागते. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर बायका, मधुमेही आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना त्याचा फटका आधी बसतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाल्याचे नंतर अभ्यासकांनी मोजले. त्यावरून धडा घेऊन २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यासाठी स्वतंत्र आराखडा केला. तेव्हा वाचकहो, रात्री घर थंड करणे ही चैन नव्हे, ती आरोग्याची गरज आहे.

आज मी ज्या उपायाबद्दल लिहिणार आहे, तो चांगला आहे. मी तो लोकांना सांगतोही. पण त्याच उपायाने आमच्या गावातल्या एका घरावर कसा प्रसंग आणला, आणि त्यात माझीही चूक कशी झाली, हे आधी सांगतो.

सवणे गेले, पत्रा आला

आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरांना माळवदात एक भोक ठेवलेले असे. त्याला सवणे म्हणत. त्यातून उजेड येई, चुलीचा धूर जाई आणि वर चढलेली गरम हवाही बाहेर पडे. खाली दार उघडे आणि वर सवणे उघडे, म्हणजे हवा आपोआप खेळती राही. जाड मातीच्या भिंती आणि मातीचे माळवद यामुळे दुपारीही आत गारवा असे. ती घरे गेली याचे मला फार दुःख नाही. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड माळवदांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गाडली गेली, हे आपण विसरलेलो नाही. पत्रा हलका, स्वस्त आणि लवकर होणारा. पण पत्रा आला तेव्हा सवणे मात्र गेले. गरम हवेला वर वाटच उरली नाही.

ही वाट पुन्हा उघडण्याचे काम पंख्याकडून करून घेता येते. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियासारख्या दिवसा कोरड्या आणि रात्री गार हवेच्या भागात, घराच्या मधल्या छतात एक मोठा पंखा बसवतात. संध्याकाळी बाहेरची हवा उतरली की खिडक्या उघडायच्या आणि पंखा सुरू करायचा. तो घरातली सगळी तापलेली हवा वर माळ्यात खेचतो, माळ्याच्या झरोक्यांतून बाहेर फेकतो आणि खिडक्यांतून बाहेरची गार हवा आत येते. आपल्याकडे दख्खनच्या पठारावरही उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात चांगलाच फरक पडतो. त्यामुळे ही युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे.

हिशेब साधा आहे. वीस फूट बाय तीस फूट आणि दहा फूट उंच अशा घरात साधारण १७० घनमीटर हवा मावते. अठरा इंची चांगला एक्झॉस्ट पंखा तासाला तीन-चार हजार घनमीटर हवा ओढतो. म्हणजे तीनेक मिनिटांत घरातली सगळी हवा बदलते. वीज लागते ती एसीच्या मानाने फारच थोडी.

अण्णांचा पंखा

आमच्या गावात हा पंखा पहिल्यांदा पाहिला तो अण्णांच्या घरी. अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. धाकटा मुलगा अमेरिकेत नोकरीला. त्याच्या तिकडच्या घरात असा पंखा आहे, हे त्याने फोनवर सांगितले आणि अण्णांच्या डोक्यात ते बसले. त्यांच्या घरावर लोखंडी पत्रा, त्याखाली माळा, आणि माळ्यावर कांदा, जुनी भांडी व मोडकी खाट. त्यांनी वायरमनला बोलावून माळ्याच्या भिंतीत वरच्या त्रिकोणी भागात अठरा इंची एक्झॉस्ट बसवला. खालच्या छतात दोन फुटी चौकोन कापून त्याला जाळी लावली. आठ दिवसांत दवाखान्यात येऊन म्हणाले, "डॉक्टर, गोधडी घ्यावी लागती पहाटे!" मीही कौतुक केले. दोन-चार पेशंटना अण्णांचे घर बघून या म्हणून सांगितले.

ही दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णांची मंडळी, आक्का, आणि थोरली सून दोघी दवाखान्यात आल्या. दोघींचे डोके दुखत होते. आक्का म्हणाल्या, "कपाळाला पट्टी बांधल्यावाणी होतंय, आन् मळमळतंय." सुनेलाही तेच. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. ऊन फार आहे, पाणी कमी पिता, पित्त झाले आहे, असे सांगून पित्ताच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे दिली. सहा वर्षांची नात बरोबर होती. "हिलाबी सकाळी उलटी झाली," आक्का जाता जाता म्हणाल्या. मी म्हणालो, "उन्हात खेळू देऊ नका."

एकाच घरातल्या तिघींना एकाच वेळी एकच त्रास, आणि पुरुषाला काही नाही. एवढे समोर असताना मला थांबून विचार करायला हवा होता. बाहेर पेशंटची रांग होती, उन्हाळ्याचे दिवस होते आणि पित्ताचे निदान अगदी ओठांवर होते. मी विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री वळवाचा पाऊस झाला. आधी वावटळ सुटली, धूळ उडाली, म्हणून घरातल्यांनी खिडक्या-दारे लावून घेतली. लाइट गेली. पंखा बंद पडला, पण त्याचे बटण चालूच राहिले. सगळे झोपले. पहाटे लाइट आली आणि बंद घरात पंखा सुरू झाला. रोजचाच आवाज, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही. पावसाने अंगण ओले, म्हणून आक्कांनी दार न उघडताच न्हाणीत बंब पेटवला. न्हाणी स्वयंपाकघराला लागून, वर सिमेंटच्या पाइपचे धुराडे. जळण म्हणून तुराट्या आणि वर थोडा कोळसा. पाणी तापल्यावर नात आंघोळीला बसली. पाच-सात मिनिटांत आत तांब्या पडल्याचा आवाज झाला. सून धावली, तर पोरगी पाटावर कोसळलेली.

अण्णा उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपत. त्या रात्री पावसामुळे ते गोठ्याच्या पडवीत गेले होते. त्यांनीच नातीला उचलून बाहेर आणले आणि मोटारसायकलवर मध्ये धरून माझ्याकडे आणले. तोवर मोकळी हवा लागून ती कण्हू लागली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९८. मनात म्हटले, आता मात्र ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवायचा नाही. दवाखान्यातला ऑक्सिजन लावला, बारामतीला फोन केला आणि गाडीत बरोबर बसून गेलो. तिथे रक्त तपासल्यावर निदान पक्के झाले. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा. दुपारपर्यंत पोरगी बोलू लागली. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि आज ठणठणीत आहे. पण आणखी दहा मिनिटे ती आत राहिली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

न दिसणारे विष

लाकूड, कोळसा, गोवऱ्या किंवा गॅस यांना जळताना पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. पण तो गॅस अर्धवट जळून झालेला हा वायू मात्र नाकाला कळत नाही. उलट धूर निवून लाल निखारे राहिले की आपल्याला वाटते, आता धोका नाही. निखाऱ्यांतूनच हा वायू भरपूर निघतो.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. गाडीतल्या जागा त्याने अडवल्या, की ऑक्सिजनला जागा उरत नाही. मेंदू आणि हृदय यांना आधी झळ पोचते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पाय गळून जाणे, घोळ होणे आणि शेवटी बेशुद्धी असा क्रम असतो. आपल्या घरोघरी २०२० च्या कोरोनापासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्याला ऑक्सिजन असलेले आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. तो आकडा चांगला दाखवतो आणि माणूस मात्र गुदमरत असतो. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले आणि खाणीत छोटे प्राणी-पक्षी नेण्याचा सल्ला दिला. कॅनरी पक्षी माणसाच्या आधी कोसळतो, म्हणून खाणमजूर त्याचा पिंजरा बरोबर नेत. ही पद्धत तिकडे १९८६ पर्यंत चालली. घरात लहान मूल सर्वांत आधी कोसळते, कारण त्याचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो. अण्णांच्या घरात तसेच झाले.

उदबत्तीने दाखवलेले सत्य

नात घरी आल्यावर मी अण्णांच्या घरी गेलो. बंब पेटवला नव्हता. खिडक्या-दारे लावून घेतली, पंखा सुरू केला आणि देवघरातली उदबत्ती पेटवून न्हाणीच्या धुराड्याखाली धरली. धूर वर जायला हवा होता. तो खाली वळला आणि न्हाणीच्या दारातून स्वयंपाकघराकडे, तिथून छताच्या जाळीकडे निघाला. आक्का म्हणाल्या, "आगं बया, धुराडं उलटं चालतंय!"

नेमके तेच झाले होते. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. खिडक्या उघड्या असतील तर ती खिडक्यांतून येते. खिडक्या बंद असतील तर पंखा धुराड्यातून, न्हाणीच्या मोरीतून, दाराच्या फटीतून, जिथून मिळेल तिथून हवा ओढतो. धुराड्यातून हवा खाली येऊ लागली की बंबाचा वायू वर जाऊ शकत नाही, तो घरात पसरतो. त्या आठवड्यात रस्त्याची धूळ फार होती, म्हणून आक्का एकच खिडकी अर्धी उघडी ठेवत. त्यामुळे रोज थोडे थोडे विष आत येत होते, आणि मी त्याला पित्त म्हणत होतो.

मी अंगणात जाऊन दोन खिडक्या आणि पुढचे दार उघडायला लावले. उदबत्ती तीच, पंखा तोच. धूर सरळ वर धुराड्यात गेला.

हा प्रयोग कुणालाही करता येतो. ज्यांच्या घरी मोठा एक्झॉस्ट आहे, मग तो माळ्यावर असो की स्वयंपाकघरात, त्यांनी तो एकदा करून पाहावा. चूल, बंब, गॅसचा गीझर विझलेला असताना पंखा सुरू करून उदबत्ती धुराड्याजवळ किंवा गीझरजवळ धरावी. धूर घरात वळला, तर त्या घरात पंखा आणि जाळ एकत्र चालवायचे नाहीत.

बसवताना काय पाहावे

हा पंखा बसवू नका, असे मी म्हणत नाही. नीट बसवा, एवढेच म्हणतो.

जागा. पंखा माळ्याच्या भिंतीत वरच्या बाजूला, सावलीच्या दिशेला बसवणे उत्तम. तो छतात बसवून हवा माळ्यात सोडणार असाल, तर माळ्याच्या भिंतींत पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट तरी मोकळे झरोके हवेत. नाहीतर गरम हवा माळ्यातच कोंडेल आणि पंख्याची मोटर तापेल. झरोक्यांना चिमण्या-उंदरांसाठी जाळी लावावी, आणि जाळीने हवा अडते म्हणून झरोका थोडा मोठा ठेवावा. खालच्या जाळीची भोके मुलांची बोटे जाणार नाहीत एवढी बारीक असावीत.

सिमेंटचा पत्रा. घरावर सिमेंटचे पत्रे असतील, तर ते पंख्यासाठी कापू किंवा भोसकू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. कापताना उडालेली ती धूळ फुप्फुसांत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. अशा घरात पंखा भिंतीतच बसवावा.

वीज. पत्रा लोखंडी असेल तर एक सोललेली वायर सगळे छप्पर जिवंत करू शकते. त्यामुळे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पंख्याला अर्थिंग हवेच. वायर पाइपातून न्यावी, पत्र्याला घासू देऊ नये. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. अंगातून करंट जाऊ लागला तर तो क्षणार्धात वीज तोडतो. बटण खाली, हाताला येईल असे असावे. माळ्यावर चढून पंखा बंद करायची वेळ येऊ नये.

माळ्यावर चढण्याची वेळ. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखालच्या माळ्यावर काम करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. काम पहाटे करावे, शिडी धरायला खाली माणूस असावा, आणि पाती पुसताना मेन स्विच बंद करावा. माळ्यावर कांदा, गवत, कापूस, रॉकेलचे डबे ठेवू नयेत. शॉर्टसर्किट झाले तर पंखाच जाळ भडकवतो. घरात कुठेही आग लागली तर पहिल्यांदा हा पंखा बंद करावा.

चालवताना काय पाळावे

अण्णांच्या घरी आम्ही जे नियम ठरवले, तेच इथे देतो.

१. आधी खिडक्या, मग बटण. निदान दोन मोठ्या खिडक्या पूर्ण उघड्या असल्याशिवाय पंखा सुरू करायचा नाही. बंद करताना उलटे, आधी बटण, मग खिडक्या. ज्या खोलीत झोपायचे तिथली खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे गार हवा तिथूनच येते.

२. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच पंखा लावावा. साधे दोन थर्मामीटर, एक ओसरीवर सावलीत आणि एक आत टांगले, की अंदाज येतो. आमच्याकडे बहुधा दिवस मावळल्यावर ही वेळ येते. सकाळी ऊन चढायच्या आत पंखा बंद करून खिडक्या आणि पडदे लावून घ्यावेत. भर दुपारी सगळ्या खिडक्या उघडून पंखा लावला तर तो बाहेरची झळ आत ओढून घेतो. पत्र्याचे घर दुपारी बाहेरपेक्षाही तापत असेल तर म्हाताऱ्या माणसांनी त्या वेळी झाडाच्या सावलीत किंवा देवळात बसावे.

३. लाइट गेली की पंख्याचे बटण बंद करावे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा. लाइट कधी येईल आणि तेव्हा खिडक्या कशा असतील, हे कुणी सांगू शकत नाही.

४. घरात चूल, बंब, शेगडी किंवा गॅसचा गीझर पेटलेला असताना पंखा बंद. बंब शक्यतो उघड्या पडवीत ठेवावा. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत लावूच नये, पंखा असो वा नसो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे तर पूर्ण वर्ज्य.

५. डासांसाठी खिडक्यांना जाळी बसवावी. खिडक्या लावून आत डासांची कॉइल जाळू नये. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे मोजलेले आहे. रात्रभर खिडकी उघडी ठेवायला चोरांची भीती वाटते, ती खरी आहे. त्यासाठी गज मजबूत करावेत.

६. वावटळ, पाऊस किंवा उसाचे पाचट जळत असताना पंखा लावू नये. शेजारच्या रानातला धूर आपल्याच घरात येतो. दम्याच्या रोग्यांनी हे विशेष पाळावे.

त्रास झालाच तर

एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, मळमळ, चक्कर येऊ लागली आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटू लागले, तर उन्हाला किंवा जेवणाला दोष देण्याआधी घरातल्या जाळाचा संशय घ्या. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी पाजणे यात वेळ घालवू नका. सगळ्यांना ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत आणा. दारे-खिडक्या सताड उघडा, जाळ आणि गॅस बंद करा. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा आणि गॅसचा संशय आहे हे स्पष्ट सांगा. डॉक्टरलाही तेच सांगा, कारण सांगितले नाही तर डॉक्टरही माझ्यासारखा चुकू शकतो. यावर औषध म्हणजे ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात तेवढाच उतरतो. बरे वाटले तरी रुग्णालयात जावे, कारण काही रोग्यांना आठवड्या-दोन आठवड्यांनी विस्मरण आणि चालताना तोल जाणे असे त्रास होतात. गरोदर बाईला तर न्यावेच, पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका असतो.

अण्णांनी त्या वर्षी पंखा काढून टाकायचे ठरवले होते. मीच त्यांना थांबवले. आक्कांचे वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यांना रात्रीच्या उकाड्याचाही धोका कमी नाही. बंब गोठ्याच्या पडवीत गेला, माळ्यावरचा कांदा खाली आला, खिडक्यांना जाळ्या लागल्या. बटणाशेजारी नातीने खडूने लिहिले आहे, "आधी खिडकी."

गेल्या आठवड्यात आक्कांचा रक्तदाब पाहायला गेलो होतो. दिवस मावळत होता. बोलता बोलता लाइट गेली. नात अभ्यास टाकून उठली, अंधारात चाचपडत भिंतीपाशी गेली, पंख्याचे बटण बंद केले आणि परत येऊन बसली. तिला कुणी सांगावे लागले नाही.